आयडलिंग बिघडलं म्हणजे कार्बोरेटरच गेला?

जुनी गाडी आयडलिंगला, म्हणजे उभी असताना रेस न देता इंजिन नुसतं चालू असलं की, थरथरते, रेस सोडली की बंद पडते, म्हणजे कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) गेला, हा समज जाता जात नाही. मग तो खोलायचा, जेट (पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रं) साफ करायचे, स्क्रू पिळत बसायचं. पण अनेकदा दोष बाहेरच असतो: तडकलेली व्हॅक्यूम (हवेच्या ओढीची) नळी किंवा मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळ्यांचं, खराब झालेलं गॅस्केट (सांध्यातली पट्टी). तिथून थ्रॉटलच्या (हवेच्या मुख्य झडपेच्या) पुढे, इंजिनाच्या बाजूला, हिशेबाबाहेरची हवा शिरते आणि मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. आयडलिंगला मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जास्त, एकूण हवा मात्र थोडी. म्हणून त्रास तेव्हाच जाणवतो, रेस दिली की दबतो.

इंजिन गरम असताना चोक (हवा कमी करून मिश्रणात पेट्रोल वाढवणारी कळ) जरासा ओढा. चाल सुधारली तर पेट्रोल कमी पडतंय हे नक्की (आयडल जेट तुंबला तरी असंच होतं, हे खरं). मग ब्रेक बूस्टरची (मॅनिफोल्डच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्याची) नळी पकडीने दाबून बघा. इंजिनाचा सूर लगेच बदलला तर चोर सापडला.

नळ्या-सांध्यांवर कार्ब क्लीनर (कार्बोरेटर साफ करायचा फवारा) फवारून आरपीएम (इंजिनाचा वेग) वाढतो का बघणं, ही युक्ती चालते, पण तो पेट घेतो आणि तापलेला एक्झॉस्ट शेजारीच असतो. शिवाय बूस्टरचा पडदा आतून फाटला असेल, तर फवारणीला त्याचा पत्ताच लागत नाही.