पियूषिका पेशींतील जनुक-नियमन

पियूषिका (पिट्युटरी) ग्रंथीच्या अग्रखंडातल्या, म्हणजे पुढच्या भागातल्या, पेशींमध्ये कोणते संप्रेरक-जनुक (हार्मोनचे जनुक) चालू राहायचे, कोणते बंद, आणि चालू असलेले किती जोमाने चालायचे हे ठरवणारी यंत्रणा. कवटीच्या तळाशी हाडाच्या खोबणीत बसलेली ही ग्रंथी वाटाण्याएवढी असते. प्रौढ माणसात तिचे वजन साधारण अर्धा ग्रॅम भरते. अग्रखंडात पाच मुख्य प्रकारच्या संप्रेरक-पेशी असतात. वृद्धी संप्रेरक, प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारे), टीएसएच (थायरॉइडला चालना देणारे) आणि एसीटीएच (अधिवृक्क ग्रंथीला चालना देणारे) यांसाठी एकेक प्रकार, आणि एलएच व एफएसएच या जननग्रंथींना चालना देणाऱ्या जोडीसाठी पाचवा. डीएनए मात्र पाचही प्रकारांत तोच. म्हणजे प्रोलॅक्टिन बनवणाऱ्या पेशीतही वृद्धी संप्रेरकाचे जनुक धडधाकट असते, पण ते मुके राहते. ते मुके का राहते, हा या विषयातला सर्वांत सुंदर प्रश्न आहे.

उत्तराची सुरुवात उंदरांपासून होते. १९२९ साली जनुकशास्त्रज्ञ जॉर्ज स्नेल यांनी खुज्या उंदरांच्या एका वाणाची नोंद केली. ही पिल्ले जन्मतः इतरांसारखीच दिसतात. पहिल्या काही आठवड्यांत भावंडे वाढत जातात आणि ही मागे पडतात. त्यांच्या पियूषिकेत वृद्धी संप्रेरक, प्रोलॅक्टिन आणि टीएसएच बनवणाऱ्या तिन्ही पेशी जवळजवळ नसतातच, एसीटीएचच्या पेशी मात्र शाबूत असतात. एका दोषाने तीनच प्रकार कसे जातात, याचा उलगडा व्हायला साठ वर्षे लागली. १९८८ मध्ये मायकेल रोझेनफेल्ड आणि मायकेल करिन यांच्या गटांनी वृद्धी संप्रेरकाच्या जनुकाला चिकटणारे एक प्रथिन एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढले. आज ते पिट-१ म्हणून ओळखले जाते. १९९० मध्ये दिसून आले की स्नेल यांच्या उंदरांत याच प्रथिनातले २६१ वे अमिनो आम्ल बदललेले आहे: ट्रिप्टोफॅनच्या जागी सिस्टीन. २९१ अमिनो आम्लांच्या साखळीतली एक कडी बदलली, प्रथिनाची डीएनएवरची पकड गेली आणि तिन्ही पेशी-वंश घडलेच नाहीत.

पिट-१ ला जागे करणारे प्रथिन त्याच्याही आधी कामाला लागते. त्याचे नाव प्रॉप-१. एम्स या दुसऱ्या खुज्या वाणात तेच बिघडलेले असल्याचे १९९६ मध्ये कळले. एसीटीएचच्या पेशींची वाट टीपिट या प्रथिनाने ठरते, तर एलएच-एफएसएचच्या पेशींना एसएफ-१ लागते.

आता मूळ प्रश्न. पिट-१ तिन्ही पेशींत असते, मग तिन्ही पेशी तिन्ही संप्रेरके का बनवत नाहीत? पिट-१ चे डीएनए धरणारे दोन भाग असतात, लवचीक दुव्याने जोडलेले, जणू दोन हात. प्रोलॅक्टिनच्या जनुकावर हे दोन हात जिथे टेकतात त्यापेक्षा वृद्धी संप्रेरकाच्या जनुकावर त्यांच्यातले अंतर डीएनएच्या दोन अक्षरांनी (बेस-जोड्यांनी) जास्त असते. तेवढ्या फरकाने प्रथिनाची बैठक बदलते आणि प्रोलॅक्टिन पेशीत त्याच्याभोवती जनुक दाबून ठेवणारी प्रथिने जमतात. २००० साली उंदरांवरच्या प्रयोगात ती दोन अक्षरे काढून टाकली, तेव्हा प्रोलॅक्टिनच्या पेशींतही वृद्धी संप्रेरकाचे जनुक बोलू लागले. एकच प्रथिन जागा पाहून चालक होते किंवा दाबणाऱ्यांच्या बाजूला जाते. पिट-१ ला सरसकट ‘मुख्य स्विच’ म्हणण्याची सवय आहे, पण त्या शब्दात नेमकी हीच गोष्ट हरवते.

माणसात आणखी एक थर आहे. वृद्धी संप्रेरकाचे जनुक १७ व्या गुणसूत्रावर पाच जवळच्या नातलग जनुकांच्या ओळीत बसते. त्यातले पहिलेच पियूषिकेत चालते, उरलेली चार गर्भाच्या वारेत. हा निवाडा करणाऱ्या डीएनए पट्ट्यातली पियूषिकेसाठीची मुख्य जागा जनुकापासून सुमारे १४,५०० अक्षरे दूर आहे. पिट-१ तिथे बसले की क्रोमॅटिनची (प्रथिनांभोवती गुंडाळलेल्या डीएनएची) घडी सैल होऊ लागते आणि ही सैलता जनुकापर्यंत पोहोचते.

पेशीची ओळख ठरली तरी रोजचा पुरवठा पियूषिकेच्या वरच असलेला मेंदूचा भाग, हायपोथॅलॅमस, ठरवतो. त्याने पाठवलेले जीएचआरएच (वृद्धी संप्रेरक स्रवायला लावणारे द्रव्य) पेशीवरच्या ग्राहीला, म्हणजे निरोप घेणाऱ्या प्रथिनाला, भिडले की आत सायक्लिक एएमपी हे निरोप्या रेणू वाढतात आणि वृद्धी संप्रेरकाच्या जनुकाला जोर चढतो. प्रोलॅक्टिनचा व्यवहार उलटा आहे. हायपोथॅलॅमसमधून येणारे डोपामिन त्याला सतत दाबून धरते, म्हणूनच प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठींवर कॅबरगोलिनसारखी डोपामिनची नक्कल करणारी गोळी चालते. थायरॉइड संप्रेरक परत येऊन टीएसएचचे जनुक आवरते. एलएच-एफएसएचच्या बाबतीत तर ठोक्याला महत्त्व आहे: हायपोथॅलॅमस सोडत असलेल्या जीएनआरएच या द्रव्याचे ठोके जलद पडले तर एलएचच्या जनुकाला झुकते माप मिळते, संथ पडले तर एफएसएचच्या. एर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने १९७८ मध्ये माकडांवर दाखवले की जीएनआरएचचा तासाला एक ठोका दिला तर दोन्ही संप्रेरके स्रवतात, आणि तेच द्रव्य अखंड दिले तर बंद पडतात.

ही साखळी कुठेही तुटू शकते. १९९६ साली एका भारतीय कुटुंबातील खुज्या मुलांमध्ये जीएचआरएचच्या ग्राहीच्या जनुकात ७२ व्या जागी अकाली पूर्णविराम (प्रथिन अर्धवटच तोडणारा बदल) आढळला. तोच बदल पुढे मुंबईत तपासलेल्या कुटुंबांतही दिसला. त्यांची पियूषिका वृद्धी संप्रेरक बनवू शकत होती, तिला निरोपच पोहोचत नव्हता. अशा मुलांना वृद्धी संप्रेरकाची इंजेक्शने लागू पडतात. पिट-१ बिघडलेल्या बाळाचे दुखणे अधिक फसवे असते. थायरॉइड संप्रेरक कमी असूनही टीएसएच वाढत नाही, त्यामुळे नवजात बाळाची फक्त टीएसएच तपासली तर अहवाल निर्दोष येतो. ज्या बाळाची वाढ खुंटते आहे किंवा कावीळ लांबली आहे, त्याच्या रक्तात टी४ (थायरॉइडचे मुख्य संप्रेरक) सुद्धा पाहायला हवे.