गॅस की इंडक्शन? ओट्यावरच्या वादाची पार्श्वभूमी

‘गॅसच्या शेगडीने मुलांना दमा होतो म्हणे’ हे वाक्य गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या घरांत कानावर येऊ लागलं आहे. बहुतेकदा ते घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाचं किंवा मुलीचं असतं, आणि त्यामागे यूट्यूबवर पाहिलेला पाऊण-एक तासाचा इंग्रजी व्हिडिओ असतो. आई ऐकून घेते, खिडकी जरा जास्त उघडते आणि कुकर लावते. जिच्या आईचे डोळे फुंकणीने चूल फुंकता फुंकता गेले, तिला गॅस घातक आहे हे पटवणं सोपं नाही. तो व्हिडिओ ज्या इतिहासातून आला तो तिचा इतिहास नाही. गॅस ठेवायचा की विजेवरची इंडक्शन शेगडी घ्यायची, हा वाद समजून घ्यायचा तर दोन्हीकडच्या कहाण्या पाहाव्या लागतात.

आधी अमेरिकेची. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात विजेवर चालणारं स्वयंपाकघर मांडलं होतं. तोवर कोळशापासून काढलेल्या गॅसचे दिवे शहरांत रुळले होते. विजेच्या दिव्यांनी गॅसची ती बाजारपेठ हिसकावून घेतली, तेव्हा गॅस कंपन्यांनी आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ‘नाऊ यू आर कुकिंग विथ गॅस’ हे वाक्य अमेरिकी रेडिओवरच्या विनोदी कार्यक्रमांतून घराघरांत पोचलं. ते तिथे पेरण्यामागे गॅस कंपन्यांच्या संघटनेचा हात होता असं सांगितलं जातं. ‘आता कसं, काम जमलं!’ अशा अर्थाने ते आजही तिथे बोललं जातं.

वीजवाल्यांनी उत्तर दिलं ते १९५६ साली. जनरल इलेक्ट्रिक आणि वेस्टिंगहाऊस या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपन्यांनी ‘विजेवर जगा, चांगलं जगा’ अशा धाटणीची देशव्यापी मोहीम काढली. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन तेव्हा जनरल इलेक्ट्रिकचा टीव्ही कार्यक्रम सादर करत, आणि कॅलिफोर्नियातलं त्यांचं घर कंपनीने विजेच्या उपकरणांनी भरून दिलं होतं. दुसऱ्या बाजूला, महायुद्धात तेल वाहून नेण्यासाठी टेक्ससपासून पूर्व किनाऱ्यापर्यंत टाकलेल्या नळवाहिन्या १९४७ नंतर नैसर्गिक वायूसाठी वापरल्या जाऊ लागल्या. स्वस्त वायू दारात आला आणि चुरस वाढली.

या चुरशीत शेगडीचं महत्त्व तिच्या खपापेक्षा कितीतरी मोठं होतं. अमेरिकी घरात बहुतेक गॅस जळतो तो घर उबदार ठेवायला आणि पाणी तापवायला, शेगडीला लागतो थोडासाच. पण तळघरातल्या भट्टीवर कुणाचा जीव जडत नाही. निळ्या ज्योतीवर जडतो. ज्योत हवी म्हणून घरात नळी येते, आणि नळी आली की बाकीची उपकरणंही गॅसवर चालतात. म्हणूनच जाहिरातींचा रोख पिढ्यान्पिढ्या शेगडीवर राहिला. १९८० च्या दशकात तर शेगडीची महती गाणारी एक रॅप जाहिरातही निघाली.

विरोधी पुरावाही जुनाच आहे. ज्योत पुरेशी तापली की हवेतलाच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडं बनतात. इंधन कितीही स्वच्छ असलं तरी हे टळत नाही. ती श्वसनमार्गाला त्रास देतात याचा अभ्यास ब्रिटन-अमेरिकेत १९७० च्या दशकापासून चालू आहे. २०१९ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली शहराने नव्या इमारतींत गॅसची नळी घालायला बंदी केली. अमेरिकेत असं करणारं ते पहिलं शहर. जानेवारी २०२२ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५३ घरांतल्या शेगड्यांची गळती मोजून दाखवलं की शेगडीतून गळणाऱ्या मिथेनपैकी, म्हणजे नैसर्गिक वायूतल्या मुख्य, हवामान तापवणाऱ्या वायूपैकी, तीन चतुर्थांशाहून अधिक ती बंद असताना गळतो. त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या एका लेखात अमेरिकेतल्या बालदम्याचा १२.७ टक्के भार गॅस शेगड्यांवर टाकला होता. हा आकडा हिशेबाने काढलेला होता, मुलांची पाहणी करून नव्हे, आणि त्यावर टीकाही झाली. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाचे एक सदस्य रिचर्ड ट्रुम्का यांनी एका मुलाखतीत बंदीची शक्यता बोलून दाखवली आणि देशभर गदारोळ उठला. दोनच दिवसांत आयोगाच्या अध्यक्षांनी बंदीचा विचार नसल्याचा खुलासा केला. एप्रिलमध्ये अपील न्यायालयाने बर्कलीचा नियमही रद्द ठरवला.

हे सगळं आपल्यापर्यंत पोचलं ते लांबलचक व्हिडिओ-निबंधांतून. यूट्यूबवर सुरुवातीची कित्येक वर्षं सामान्य माणसाला दहा मिनिटांहून मोठा व्हिडिओ टाकता येत नसे. ती मर्यादा २०१० मध्ये सैल झाली. २०१२ पासून व्हिडिओ किती जणांनी उघडला यापेक्षा किती वेळ पाहिला याला वजन आलं, आणि तासभर एकाच विषयावर बोलणाऱ्यांना दिवस चांगले आले. मला हा प्रकार मनापासून आवडतो. जुन्या जाहिराती, कंपन्यांची कागदपत्रं, न्यायालयांचे निकाल असं सगळं लावून एक माणूस शांतपणे गोष्ट सांगतो. वर्तमानपत्राच्या तीन रकान्यांत हे मावत नाही. हवामान-धोरण शिकलेले विनोदकार रॉली विल्यम्स यांच्या क्लायमेट टाउन या चॅनलने गॅस उद्योगाच्या प्रचाराची अशी चिरफाड केली आहे. मात्र हे निबंध अमेरिकी प्रेक्षकासाठी बांधलेले असतात. त्यात ‘गॅस’ म्हणजे नळीने येणारा मिथेन, ‘वीज’ म्हणजे भिंतीत कायम असणारी वीज, आणि स्वयंपाकघर म्हणजे बंद खिडक्यांचं, थंड हवेतलं घर.

आपली कहाणी धुरापासून सुरू होते. मुंबईत १८६० च्या दशकात रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. लालबागमधल्या गॅस कंपनी लेनने ते नाव अजून जपलं आहे. पण उरलेल्या महाराष्ट्रात चूल होती, तिच्या शेजारी वैल, म्हणजे जोडचूल, होता, आणि जळायला सरपण, गोवऱ्या, विदर्भात तुराट्या-पराट्या, म्हणजे तुरीची-कापसाची वाळकी झाडं. शहरांतल्या चाळींत कोळशाची शेगडी आणि भुशाची शेगडी. मग स्टो आला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस आपल्याकडे इतका घरचा झाला की वातीचा नसलेला कोणताही स्टो प्रायमसच म्हटला जाई. काकडा पेटवायचा, पंप मारायचा, मध्येच विझला तर पिन मारायची. त्याचा फर्रर्र आवाज ही चाळीतली पहाट होती.

स्टोला रॉकेल लागे आणि रॉकेलला रांग. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या पुढाकाराने मुंबईत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यात धान्य, साखर, तेलाबरोबर रॉकेलचाही प्रश्न होता. आणि स्टोची एक काळी बाजू होती. ‘स्टोचा भडका उडून विवाहिता भाजली’ ही बातमी तेव्हा इतकी नेहमीची झाली होती की तिचा मजकूर वाचणाऱ्याला पाठ असे. त्यातले कित्येक भडके अपघात नव्हते; हुंड्यापायी सुनांना जाळलं जाई. १९८३ आणि १९८६ साली कायद्यात बदल झाले त्यामागे या मृत्यूंविरुद्ध बायकांनी देशभर उभी केलेली चळवळ होती. स्वयंपाकाच्या इंधनाचा इतिहास लिहिताना हे वगळणं मला अन्यायाचं वाटतं.

सिलिंडरचा गॅस १९५५ साली बर्मा-शेलने मुंबईत आणला, ‘बर्शेन’ या नावाने. ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यांत तेलाबरोबर तो निघतच होता. जुन्या मुंबईकरांच्या तोंडी बरीच वर्षं बर्शेन हाच शब्द होता. १९६५ मध्ये इंडेन आला, १९७० च्या दशकात परदेशी कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन भारत गॅस, एचपी गॅस ही नावं रूढ झाली.

गॅसने घरातली एक गोष्ट कायमची बदलली: बाई उभी राहिली. चुलीपुढे पाटावर बसून चालणारा स्वयंपाक ओट्यावर गेला, कारण खाली सिलिंडर आणि वर शेगडी अशी रचना सोयीची होती. दिवसातले चार-पाच तास जमिनीवर उकिडवं बसणं आणि डोळ्यांत धूर घेणं सुटलं. अमेरिकेत ज्याला जाहिरातीने विकलेली ज्योत म्हणतात, ती इथे कुणाला विकावी लागली नाही. उलट तिच्यासाठी नंबर लावावा लागे. नवं कनेक्शन मिळायला वर्षानुवर्षं लागत, खासदारांकडे कनेक्शनची कूपनं असत आणि त्यांच्या दारी त्यासाठी खेटे घालावे लागत. मुंबईचे खासदार राम नाईक १९९९ मध्ये पेट्रोलियम मंत्री झाले तेव्हा देशभरची प्रतीक्षायादी १ कोटी १० लाखांची होती. ती त्यांच्या काळात संपली.

खेड्यांतली चूल मात्र पेटतीच राहिली. तिच्या धुराचं मोजमाप करणाऱ्यांत कर्क स्मिथ यांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला या अमेरिकी शास्त्रज्ञाने गुजरातेतल्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर मोजणी-यंत्रं बांधून त्या किती धूर ओढतात ते पाहिलं. इकडे पुण्याजवळ आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने सुधारित चुली आणि खरकट्यावर चालणारे बायोगॅस संच बनवले, संस्थेला ब्रिटनचे ॲशडेन पुरस्कारही मिळाले. पण गरिबाला ‘सुधारलेला धूर’ देण्यापेक्षा श्रीमंताकडे आहे तोच गॅस द्या, असं स्मिथ अखेरीस आग्रहाने मांडू लागले. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तिचं आठ कोटीवं कनेक्शन औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, दिलं गेलं. स्मिथ ज्या विद्यापीठात शिकवत ते बर्कलीचं. त्याच गावाने त्याच वर्षी, दोनच महिने आधी, नव्या घरांत गॅस नको असं ठरवलं होतं. दोन्ही निर्णय आपापल्या जागी बरोबर होते असं मी मानते.

आता वीज. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं, पण ती वीज प्रामुख्याने गिरण्यांसाठी होती. घरात विजेवर स्वयंपाक म्हणजे लाल होणाऱ्या तारेची शेगडी, ती हॉस्टेलच्या खोलीत लपवून ठेवायची आणि रेक्टर येताना दिसले की पलंगाखाली सरकवायची. गंभीरपणे कुणी तिच्यावर विसंबलं नाही, कारण वीजच भरवशाची नव्हती. गुहागरजवळचा दाभोळ वीजप्रकल्प २००१ मध्ये बंद पडला, आणि पुढची दहा-बारा वर्षं ‘लोडशेडिंग’ हा शब्द मराठी झाला. ग्रामीण भागात दिवसाचे बारा-बारा तास वीज नसे. अशा घराला इंडक्शन घ्या म्हणणार कोण?

इंडक्शन रुजला तो त्यानंतर. काचेखालच्या गुंडाळीत बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि उष्णता थेट भांड्याच्या बुडात निर्माण होते. म्हणून त्याला लोखंड किंवा चुंबक चिकटेल असं स्टील लागतं. बिडाचा तवा चालतो, आजीची पितळी पातेली आणि ॲल्युमिनियमचा कुकर चालत नाही. दूध, चहा, वरण-भात यांत तो गॅसला मागे टाकतो. भाकरी मात्र तव्यावरून उतरवून जाळावर धरल्याशिवाय तशी फुगत नाही, आणि भरताचं वांगं काचेवर भाजता येत नाही.

व्हिडिओतलं आपल्याला काय लागू पडतं हे या पार्श्वभूमीवर पाहावं. मिथेन-गळतीचं प्रकरण सिलिंडरला लागू नाही. त्यात प्रोपेन-ब्युटेन असतो. पण १९९५ मध्ये स्थापन झालेल्या महानगर गॅसच्या नळीतून मुंबईत जो येतो तो मिथेनच, त्याला ते लागू आहे. ‘गॅसची निम्म्याहून जास्त उष्णता वाया जाते’ हा अमेरिकी हिशेब जसाच्या तसा घेता येत नाही. सिलिंडरवरच्या शेगडीसाठी भारतीय मानकाची किमान अट ६८ टक्के कार्यक्षमतेची आहे. ती प्रयोगशाळेतली मोजणी आहे हे खरं. घरात ६० टक्के धरले तरी १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला साधारण १२५ ते १३० युनिटं लागतील. ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आत असतं त्यांना ती वरच्या, महाग टप्प्यात नेतात.

नायट्रोजनच्या ऑक्साइडांचं म्हणणं मात्र इथेही तितकंच खरं आहे, आणि एका खोलीच्या घरात जिथे पाळणा आणि शेगडी चार फुटांवर असतात तिथे जास्तच. फोडणीचा धूर तर शेगडी कोणतीही असो, होणारच; त्याला खिडकी आणि एक्झॉस्ट पंखा हेच उत्तर. विजेचीही एक दुसरी बाजू आहे. आपली बरीचशी वीज कोळशाची. दादरचा इंडक्शन स्वच्छ असतो तेव्हा धुराडं चंद्रपुरात असतं, आणि तिथेही मुलं श्वास घेतात. उन्हाची वीज जसजशी वाढेल तसं हे पारडं फिरेल, आणि लागणाऱ्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक आपण आयात करतो हे कारण सरकारलाही विजेकडे ढकलत राहील. फेब्रुवारी २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी अनुदान गॅसऐवजी विजेच्या शेगड्यांना का देऊ नये, असं जाहीरपणे विचारलं होतं.

बर्कलीने आपला नियम जुन्या घरांना लावला नव्हता, फक्त नव्या इमारतींना लावला, कारण एकदा भिंतीत गेलेली नळी पन्नास वर्षं तिथेच राहते. आपल्या शहरांत नव्या सोसायट्यांच्या जिन्यातून पिवळ्या नळ्या आत्ता चढत आहेत. मी हल्ली कुणाचा नवा फ्लॅट बघायला गेले की आधी ओट्यामागच्या भिंतीवरचे पॉइंट मोजते. मिक्सरला एक, फ्रिजला एक असतो. शेगडीसाठी वेगळा पॉवर पॉइंट अजून मला एकाच घरात दिसला आहे.