मुलांकडे राहतात, मग एकटेपणा कसला?

‘आई-वडील मुलासुनेजवळ राहतात, त्यांना कसला एकटेपणा?’ हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय आणि तो चुकीचा आहे. एकटं राहणं वेगळं, एकाकी वाटणं वेगळं.

गावाकडचं घर बंद करून आजींना शहरात चौथ्या मजल्यावर आणलं जातं. लिफ्ट नाही, गुडघे धरलेले. दिवसभर सगळे कामावर. ओटीवर बसलं की येता-जाता चार माणसं विचारपूस करायची, ते तुटलं. जेवण, औषधं वेळेवर मिळतात, पण बोलायला कुणी नाही. हे एकाकीपणच आहे, आणि त्याचा हृदयविकार, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांच्याशी संबंध अभ्यासांतून दिसलाय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये ज्येष्ठस्नेही शहरांसाठी मार्गदर्शिका काढली. ती ३३ शहरांतल्या ज्येष्ठांशी बोलून तयार झाली. त्यांत नवी दिल्ली आणि उदयपूरही होती. तिच्या आठ विषयांत आरोग्यसेवेसोबत बाकं, बस, सामाजिक सहभाग, आदर हेही आहेत.

म्हणून घर हलवण्याआधी आई-वडिलांना विचारा. हलवलंच, तर जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात पहिल्यांदा सोबत जा. आधारासाठी १४५६७ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.