पार्श्वभूमी : एकाच सर्व्हरवरच्या दोन व्हर्च्युअल मशीनमधले अंतर

लातूरच्या एका सहकारी संस्थेच्या सर्व्हर खोलीची देखभाल काही वर्षे माझ्याकडे होती. हिशेबाचा डेटाबेस एका व्हर्च्युअल मशीनवर (सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या आभासी संगणकावर), त्याचा बॅकअप घेणारी यंत्रणा दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकाच सर्व्हरच्या पोटात. मध्ये ना केबल, ना बाहेरचा स्विच. तरीही रात्री सुरू केलेला बॅकअप सकाळी शिपाई कुलूप काढायला येईपर्यंत रेंगाळत असे. पहिला संशय अर्थातच स्विचवर गेला, नवा स्विच खरेदी झाला आणि काडीचाही फरक पडला नाही. फरक पडला तो मशीनच्या सेटिंगमधली एक ओळ बदलल्यावर : नेटवर्क कार्डाचा प्रकार ‘ई-१०००’ होता, तो ‘व्हर्टआयओ’ केला. त्या एका ओळीमागे बराच मोठा इतिहास आहे.

ई-१००० हे इंटेलच्या खऱ्या गिगाबिट कार्डाचे सोंग आहे. गेस्टमधल्या, म्हणजे आभासी यंत्रातल्या, ड्रायव्हरला आपण खऱ्या कार्डाशीच बोलत आहोत असे वाटते. पण त्याने कार्डाच्या रजिस्टरमध्ये आकडा लिहिला की प्रोसेसर गेस्टचे काम थांबवतो, ताबा हायपरव्हायजरकडे, म्हणजे आभासी यंत्रे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे जातो, कार्डाने जे केले असते ते सॉफ्टवेअर करून दाखवते आणि मग ताबा परत गेस्टकडे येतो. पॅकेट, म्हणजे डेटाचा एकेक तुकडा, पोहोचल्याची वर्दी देणाऱ्या इंटरप्टचीही हीच कथा. तार नसली तरी ही देवाणघेवाण असतेच, आणि वेळ खाते ती हीच. आमच्या सर्व्हरवर बॅकअपच्या वेळी प्रोसेसरचा एक कोअर पूर्ण भरलेला आणि बाकीचे निवांत दिसत, त्याचे कारण हे होते.

हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा जुना आहे. आयबीएमने १९७२ मध्ये व्हीएम/३७० जाहीर केली, तेव्हाही एका मेनफ्रेमवरच्या दोन आभासी यंत्रांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हे ठरवावे लागलेच होते. त्यासाठी दोन यंत्रांच्या चॅनेलना जोडणारे आभासी अडॅप्टर वापरले जात असे. मात्र आपल्याकडच्या साध्या सर्व्हरवर हा प्रश्न आला तो १९९९ नंतर, व्हीएमवेअर वर्कस्टेशनबरोबर. त्यात एएमडीच्या ‘लान्स’ जातीच्या कार्डाची नक्कल होती. त्याच कंपनीच्या अभियंत्यांनी २००१ च्या युसेनिक्स परिषदेत खर्चाचा तपशीलवार हिशेब मांडला आणि खर्च कमी करण्याचे उपायही सांगितले. त्यांतला एक उपाय आजही तितकाच लागू आहे : प्रत्येक पॅकेटसाठी ताबा न सोडता काही पॅकेट साचू द्यायची आणि पुढच्या अदलाबदलीत एकदम पाठवायची.

केंब्रिज विद्यापीठात घडलेल्या ‘झेन’ या हायपरव्हायजरने २००३ मध्ये सोंगच टाकून दिले. आपण आभासी आहोत हे गेस्टला सरळ सांगायचे आणि त्याला तसाच ड्रायव्हर द्यायचा, हा त्यामागचा विचार. डेटाची नक्कल वाचावी म्हणून झेन पॅकेट असलेले मेमरीचे पानच एका यंत्राच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करत असे. ऐकायला ही युक्ती फार देखणी आहे. प्रत्यक्षात पानाचा मालक बदलायचा म्हणजे प्रोसेसरच्या पत्त्यांच्या नोंदी पुसणे आले, आणि दीड हजार बाइटच्या पॅकेटसाठी तो खर्च साध्या नकलेला जवळजवळ गाठू लागला. म्हणून पुढे झेनमध्येही नक्कल करण्याची पद्धत परत आली. सातबारा फिरवण्यापेक्षा धान्य उचलून देणे स्वस्त पडावे, तसा हा प्रकार.

दरम्यान २००५-०६ मध्ये इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्येच व्हर्च्युअलायझेशनची सोय आली आणि २००७ च्या फेब्रुवारीत केव्हीएम हा हायपरव्हायजर लिनक्स २.६.२० मध्ये दाखल झाला. त्यानंतर रस्टी रसेल यांनी व्हर्टआयओ तयार केले. गेस्ट आणि होस्ट (म्हणजे खरा सर्व्हर) यांच्या सामायिक मेमरीत एक गोल रांग असते. गेस्ट त्यात पॅकेटचे पत्ते मांडतो, होस्ट ते उचलतो, आणि रांगेत काम शिल्लक असेपर्यंत दर वेळी हाक मारण्याची गरज राहत नाही. तरीही पॅकेट क्यूईएमयू या बाहेरच्या प्रोग्रॅममधून जात होते. मायकेल त्सिर्किन यांचे व्हीहोस्ट-नेट २०१० मध्ये लिनक्स २.६.३४ मध्ये आले, तेव्हा ती रांग थेट होस्टच्या कर्नलने (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने) हाताळायला सुरुवात केली आणि एक मध्यस्थ गळाला. माझ्या मते सामान्य सर्व्हरच्या दृष्टीने या साऱ्या प्रवासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच.

मध्यस्थ कमी करण्याइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेपा कमी करणे. दहा गिगाबिटच्या तारेवर सर्वांत लहान, म्हणजे ६४ बाइटच्या फ्रेम भरून धावल्या, तर सेकंदाला सुमारे १ कोटी ४८ लाख ८० हजार होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला जेमतेम ६७ नॅनोसेकंद येतात. मोंढ्यात पोते-पोते काट्यावर चढवण्याऐवजी भरलेला ट्रॅक्टरच भुईकाट्यावर घेतात, त्याच रीतीने सेगमेंटेशन ऑफलोडमध्ये गेस्ट ६४ किलोबाइटपर्यंतचा एकच मोठा तुकडा पुढे सरकवतो आणि त्याची पोती शेवटच्या टप्प्यावर पाडली जातात. दोन्ही यंत्रे एकाच सर्व्हरवर असतील, तर ती पाडावीच लागत नाहीत. चेकसमही (डेटा बिघडला नाही ना, हे तपासायचा आकडा) मोजावा लागत नाही, कारण मेमरीतून मेमरीत जाताना तारेवरचा बिघाड संभवत नाही. हे ऑफलोड कुणी अडचण शोधताना बंद करतो आणि मग पुन्हा चालू करायला विसरतो, असे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे.

२००७ मध्ये पीसीआय-सिग संस्थेने एसआर-आयओव्हीचे मानक प्रसिद्ध केले. त्यात एक खरे कार्ड स्वतःचे अनेक हलके अवतार दाखवते आणि प्रत्येक यंत्राला एकेक अवतार थेट देता येतो. हायपरव्हायजर वाटेतून जवळजवळ बाजूलाच होतो. बाहेरच्या वाहतुकीसाठी हे उत्तम. पण शेजारच्याच यंत्राला पाठवलेले पॅकेट आता मदरबोर्डवरच्या बसमधून कार्डापर्यंत जाऊन परत येते, त्यामुळे एकाच सर्व्हरवरच्या दोघांमध्ये मेमरीतला सॉफ्टवेअर स्विच पुष्कळदा वरचढ ठरू शकतो. शिवाय चालते यंत्र दुसऱ्या सर्व्हरवर हलवणे या पद्धतीत अवघड होऊन बसते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या दोन-तीन सर्व्हरसाठी महागडे कार्ड सुचवणाऱ्या विक्रेत्याला आधी हा प्रश्न विचारावा.

मोठ्या डेटा सेंटरची वाट वेगळी झाली. तिथे ओपन व्ही-स्विच हा सॉफ्टवेअर स्विच आला, जो २०१२ मध्ये लिनक्स ३.३ च्या कर्नलमध्ये सामील झाला. कर्नलला वळसा घालून पॅकेट हाताळणारे डीपीडीके आले. आणि ॲमेझॉनने २०१७ मध्ये नायट्रो यंत्रणा जाहीर करून नेटवर्कचे हे काम वेगळ्या कार्डांवर सोपवले. २०१४ च्या व्हीएक्सलॅन या आभासी नेटवर्कच्या मानकाने प्रत्येक पॅकेटला ५० बाइटचे जादा वेष्टन चढवले, आणि खालच्या नेटवर्कचा एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) १५०० च ठेवणाऱ्यांची मोठी पॅकेट अडू लागली, हा त्यातला एक तापदायक उपप्रकार.

लातूरच्या त्या सर्व्हरवर आणखी दोन विंडोज मशीन मी सोडेपर्यंत ई-१००० वरच होत्या. त्या जुन्या विंडोजमध्ये त्या कार्डाचा ड्रायव्हर तयार मिळतो आणि व्हर्टआयओचा वेगळा टाकावा लागतो. त्यासाठी मशीन अर्धा तास बंद ठेवायला मार्चअखेरच्या गडबडीत लेखा विभाग तयार नव्हता, आणि एप्रिलमध्ये पुन्हा कुणी विचारले नाही.