जुना, जड स्कोप घरी नेण्याआधी

स्कोप म्हणजे ऑसिलोस्कोप, विजेचा सिग्नल पडद्यावर रेघेनं दाखवणारं उपकरण. आमच्याकडे जुने मिळतात. किंमत विचारण्याआधी आम्हाला दोन गोष्टी सांगा: घर कितव्या मजल्यावर आहे आणि समुद्रापासून किती लांब. कोणता स्कोप दाखवायचा हे आम्ही त्यावरून ठरवतो.

टेक्ट्रॉनिक्सचा 545ए हा व्हॉल्व्हवाला (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्यांचा) स्कोप सुमारे 30 किलोचा. वीज ओढतो 500 वॅटच्या आसपास, आणि मे महिन्यात बंद खोलीत त्याच्याशेजारी बसवत नाही. एचपीचा 8566बी स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या करून दाखवणारा) तर दोन पेट्यांचा, मिळून 50 किलो. प्लायवूडची टेबलं याखाली वाकतात. कडप्प्याचा ओटा किंवा लोखंडी अँगलचं टेबल करून घ्या, आणि मागे पंख्याला हवा मिळेल एवढी जागा सोडा.

पहिलाच स्कोप असेल तर आमचं मत टेक्ट्रॉनिक्सचाच 465. 1970च्या दशकातला, ट्रान्झिस्टरचा, 100 मेगाहर्ट्झचा, दहा-अकरा किलोचा. अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्ती आणि कॉलेजच्या प्रोजेक्टपुरतं काम असेल तर अ‍ॅपलॅब किंवा सायंटिफिकचा 20-30 मेगाहर्ट्झचा देशी स्कोपसुद्धा पुरे. 545ए विकला गेला तर आमचा अर्धा कोपरा मोकळा होईल, तरी हे सांगतो: तो घ्यायचा तो हौसेनं.

हौस असेलच तर आमच्यासमोर त्याची बाजूची पत्री झाकणं काढून आत बघा. बरेचसे पार्ट छापील बोर्डावर नाहीत, पांढऱ्या सिरॅमिक पट्ट्यांच्या खाचांत सोल्डर केलेले आहेत. खाचांना आतून चांदी असते. साधं 60-40 (कथील-शिशाचं) सोल्डर पुन्हा पुन्हा लावलं की ती त्यात विरघळते आणि खाच कायमची वाया जाते. तिथे सुमारे 3 टक्के चांदीचं सोल्डरच लागतं, म्हणून कंपनी त्याचं छोटं रीळच आत बसवून द्यायची. रीळ जागेवर आणि भरलेलं दिसलं तर खुशाल चार पैसे जास्त द्या. मात्र घरी झाकण काढून चालू स्कोपमध्ये हात घालायचा नाही. सीआरटीला, म्हणजे पडद्याच्या काचेच्या नळीला, 10,000 व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो.

दुसरीकडून घेतलात तर लगेच स्विच दाबू नका

आधी मागचा व्होल्टेज सिलेक्टर बघा. अमेरिकेतून आलेला स्कोप 115 व्होल्टवर असतो आणि आपल्या 230 वर लावला की संपला. सिलेक्टर फिरवला की फ्यूजही साधारण निम्म्या अँपिअरचा घालायचा, हे हमखास विसरलं जातं.

मग मेनच्या वाटेवरचे कंडेन्सर. रिफा कंपनीचे पिवळसर पारदर्शक कंडेन्सर त्या काळच्या बऱ्याच उपकरणांत सापडतात. आत कागद असतो, बाहेरच्या आवरणाला बारीक तडे जातात आणि कागद ओल धरतो. आपल्याकडे तर चार महिने ओलच ओल. वीज दिल्यावर काही मिनिटांत धूर, आणि वास दोन दिवस जात नाही. आम्ही ते न तपासता सरळ बदलतो.

वर्षानुवर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा स्कोप डिमरस्टॅटवर (व्होल्टेज कमी-जास्त करायच्या ट्रान्सफॉर्मरवर) हळूहळू चढवतो, सोबत सिरीज बल्ब, म्हणजे स्कोपच्या वाटेत जोडलेला साधा बल्ब. बल्ब लखलखीत पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा) सप्लाय असलेल्या उपकरणाला डिमरस्टॅटची ही युक्ती चालत नाही. कमी व्होल्टेजला तो जास्त करंट ओढतो.

अर्थिंगबद्दल आम्ही हट्टी आहोत. शॉक बसतो म्हणून किंवा प्रोब (स्कोपची मोजायची वायर) कुठेही लावता यावा म्हणून अर्थची पिन काढणारे लोक आहेत. तसं केल्यास स्कोपची अख्खी बॉडी जिवंत होऊ शकते. जुन्या घरात सॉकेटला तीन भोकं असली तरी तिसऱ्यात तार असेलच असं नाही. वायरमनला बोलावून तपासून घ्या.

पावसाळ्यात, म्हणजे जूनपासून चवथीपर्यंत तरी, स्कोप आठवड्यातून एकदा तासभर चालू ठेवा. आतल्या उष्णतेनं ओल उडते. प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका, आत पाणी सुटतं. जुनी सुती चादर बरी. कळंगुट-कोलव्याच्या किनारी घरांत खारा वारा रोटरी स्विचचे काँटॅक्ट काळे करतो. तिथे काँटॅक्ट क्लीनर वापरा, गंजावर मारायचा तेलकट स्प्रे नको. डिचोली-साखळीकडे खाऱ्याचा त्रास कमी, बुरशीचा तेवढाच.

खरेदीला दिवसाउजेडी या आणि तासभर वेळ हातात ठेवा. स्कोप तापल्यावरच त्याचे खरे दोष बाहेर पडतात. ब्राइटनेस निम्म्यावर असताना रेघ बारीक आणि स्वच्छ दिसली पाहिजे, पडद्यावर जळकी रेघ नको. सीआरटी नवी मिळत नाही, म्हणून तिची गॅरंटी आम्ही देत नाही. बाकी दुरुस्तीचं बोलून ठरवू.

20 किलोच्या वरचा माल आम्ही कुरिअरने पाठवत नाही. थर्माकोलच्या दाण्यांतून जड स्कोप हादऱ्यांनी खाली सरकत तळाला टेकतो आणि पहिल्याच आपटीत नॉबचे दांडे वाकतात. गाडी घेऊन या, सोबत एक माणूस आणा, गादीचा तुकडा आम्ही देतो.