विळी (विदर्भातील)

विळी : (वऱ्हाडी इळी; पूर्व विदर्भात पावशी). जमिनीवर बसून भाजी, कांदा, फळे चिरण्याचे घरगुती हत्यार. लाकडी पाटाच्या एका टोकाला लोखंडी पाते उभे ठोकलेले असते. पाट पायाखाली दाबून जिन्नस दोन्ही हातांनी पात्यावर नेतात. सुरीत पाते फिरते, विळीत भाजी.

विळी हे विळा या शब्दाचे स्त्रीलिंगी, लहानपणा दाखवणारे रूप आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती १८५७) विळी आहेच. विळा कोठून आला, हा खरा प्रश्न. कन्नडमध्ये याच वस्तूला ‘ईळिगे मणे’ म्हणतात (मणे म्हणजे पाट). या साम्यावरून शब्दाचे मूळ द्राविडी ठरवावेसे वाटते, आणि मग वऱ्हाडीतले ‘इळी’ हे रूप साक्षीला आणले जाण्याचा संभव असतो. ही साक्ष टिकणारी नाही. वऱ्हाडीत शब्दाच्या आरंभी ‘वि’, ‘वी’ आला की त्यातला व गळतो : विहिरीची इहीर, विंचवाचा इच्चू, विस्तवाचा इस्तो, वीसचे ईस. त्याच नियमाने विळीची इळी झाली असे मानणे सयुक्तिक. तिला जुने रूप समजण्याचे कारण नाही. कन्नडशी नाते असेलही, पण ते ‘विळा’ या रूपावरूनच दाखवावे लागेल.

‘पावशी’चा ओढा वेगळ्या दिशेला आहे. पायाने दाबतात म्हणून पावशी, ही व्युत्पत्ती ऐकायला गोड असली तरी शंकास्पद वाटते. छत्तीसगढ आणि त्यापलीकडच्या हिंदी बोलींत विळीला पहसुल, पौसुल म्हणतात. हिंदी कोशांत त्याचे मूळ संस्कृत ‘प्रह्व’ (वाकलेला) व ‘शूल’ असे दिलेले आढळते. शेवटचा ल कसा गेला याचा उलगडा करावा लागतो, तरी भंडारा-गोंदियाचा शेजार पाहता पावशी याच कुळातली असावी. एकाच वस्तूची विदर्भाच्या दोन अंगांना अशी दोन नावे आहेत, आणि त्यांतली पावशी पूर्वेच्या शेजाऱ्यांकडे बोट दाखवते.

वस्तूचे वय सांगणे त्याहून अवघड. नागपूरजवळ माहुरझरी येथील महापाषाणीय (मोठ्या शिळा रचून केलेल्या) दफनांत लोखंडी सुऱ्या, खंजीर, कुऱ्हाडी सापडल्या आहेत आणि नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी उजेडात आली. तिचा काळ इ. स. पू. ७ व्या शतकाच्या आसपास धरला जातो. यावरून या भागातल्या लोहारकामाचे वय कळते. पाटावर पाते उभे करण्याची युक्ती केव्हा सुचली, हे त्यावरून ठरवता येत नाही. लाकूड मातीत उरत नाही.

गावचा किंवा बाजाराच्या दिवशी बसणारा लोहार पाते घडवतो. मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचे पोलाद त्याला चांगले चालते. घडलेल्या पात्याची धारेकडची बाजू लाल तापवून पाण्यात बुडवतात, याला ‘पाणी देणे’ म्हणतात. पाणी जास्त बसले तर धारेचा तुकडा उडतो, कमी बसले तर कांदा चिरण्याऐवजी चेंगरतो. आणि चेंगरलेला कांदाच डोळ्यांना जास्त झोंबतो, कारण पेशी जितक्या फुटतील तितका गंधकयुक्त वायू सुटतो. बोथट विळीवर सुनेच्या डोळ्यांतले पाणी नेहमीच सासुरवासाचे नसते. पाते गंजणारे असल्याने वांग्याच्या फोडींवर काळपट डाग पडतात. फोडी मिठाच्या पाण्यात टाकण्याची रीत आहे ती यासाठी आणि हवेने काळ्या पडू नयेत यासाठीही.

धार चिरणाऱ्याकडे असते, म्हणून रेटा अंगापासून पलीकडे द्यायचा. भरल्या वांग्यासाठी देठ मुठीत धरून वांगे बुडाकडून पात्यावर दाबतात, देठाच्या अलीकडे बोटभर थांबवतात, मागे ओढून पाव वळसा देतात आणि पुन्हा दाबतात. चार फाका होतात, पण वांगे एकसंध राहते. सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी याउलट घट्ट आवळून, कणाकणाने पुढे सरकवत बारीक करतात. आलू, ढेमसे, भेदरे (टोमॅटो) यांत विशेष कौशल्य नाही. अंबाडी तर हातानेच खुडतात.

काही विळ्यांच्या टोकाला खोबरे खवण्याचे दाते असतात. नारळ रोजचा नसल्याने ते इकडे बहुधा कोरेच राहतात.

नागपंचमीला चिरणे, कापणे वर्ज्य. त्या दिवशी विळी खाली घेत नाहीत. अख्खे कोहळे बाईने पहिल्यांदा फोडायचे नाही, घरातल्या पुरुषाने वार घालायचा आणि मग उरलेले तिने चिरायचे, अशीही रूढी आहे. (विळ्या-भोपळ्याचे सख्य भाषेत प्रसिद्धच आहे.) काम झाल्यावर विळी आडवी करून भिंतीशी ठेवतात, रांगत्या मुलाच्या घरात उंच फळीवर.

गॅसची शेगडी आणि ओटा आल्यावर उभ्याने स्वयंपाक सुरू झाला व सुरी, चाकू रुळले. घडीची विळीही मिळते. लोणच्याच्या कैरीपुढे मात्र सुरी आणि विळी दोन्ही थकतात. कोयीसकट फोडी करायला लांब दांड्याचा अडकित्ता लागतो, आणि तो ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे कैऱ्यांची पाटी घेऊन जावे लागते.