इलेक्ट्रिक गाडीतले इंटरनेट : न बदलता येणाऱ्या सिमची पार्श्वभूमी

मोटारीला मोबाइल नेटवर्कशी जोडण्याची कल्पना आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांहून जुनी आहे. १९८६ मध्ये ‘कॅन बस’ जाहीर झाली आणि इंजिन, ब्रेक, दिवे यांच्या वेगवेगळ्या नियंत्रकांना पिळाच्या दोन तारांवरून एकमेकांशी बोलता येण्याची सोय झाली. दहा वर्षांनी, १९९६ मध्ये, एका अमेरिकी वाहन कंपनीने आपल्या महागड्या गाड्यांसाठी ॲनालॉग मोबाइलवर चालणारी मदतसेवा आणली. एअरबॅग उघडली की गाडीच कॉल सेंटरला फोन लावत असे. एक वाहिनी गाडीच्या आतली, दुसरी बाहेरची. पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांत या दोन्ही बराच काळ जवळपास अलिप्तच राहिल्या, कारण त्यांना घट्ट जोडण्याची निकड कुणाला फारशी भासली नव्हती. ती निकड बॅटरीने निर्माण केली.

टाकी काही मिनिटांत भरते आणि भरताना माणूस गाडीपाशीच उभा असतो. इलेक्ट्रिक गाडी मात्र तासन्‌तास प्लगला लावून ठेवावी लागते आणि त्या वेळात मालक घरात, कार्यालयात किंवा झोपलेला असतो. चार्जिंग मध्येच थांबले तर त्याला कळायला हवे. थंडीच्या सकाळी गाडी प्लगला असतानाच आतली हवा गरम करून घेतली, तर ती ऊर्जा भिंतीतल्या विजेतून जाते आणि बॅटरीत साठवलेले अंतर शिल्लक राहते. निर्मात्यालाही स्वतःची गरज होती. हजारो सेल प्रत्यक्ष वापरात कसे म्हातारे होतात, किती तापतात, वारंवार जलद चार्जिंग केल्यावर त्यांची क्षमता किती उतरते, हे प्रयोगशाळेत पूर्ण समजत नाही. त्यामुळे २०१० च्या अखेरीस विक्रीला आलेल्या जपानी इलेक्ट्रिक हॅचबॅकमध्ये टूजी मोडेम (मोबाइल नेटवर्कशी जोडणारा भाग) होता आणि २०१२ मध्ये आलेल्या अमेरिकी सेडानमध्ये १७ इंची पडद्यामागे थ्रीजी मोडेम होता. गाणी, नकाशे आणि व्हिडिओ यांच्यामुळे हे इंटरनेट लोकांच्या नजरेत भरले, पण त्याचा पाया बॅटरीच्या देखरेखीचा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय पुढचे वाद नीट समजत नाहीत.

उभ्या, कुलूपबंद गाडीचा एसी फोनवरून सुरू केला की काय घडते, हे एकदा टप्प्याटप्प्याने पाहण्यासारखे आहे. फोनमधले ॲप गाडीशी थेट बोलत नाही. ते कंपनीच्या सर्व्हरशी बोलते. गाडीतला मोडेम ज्या पेटीत असतो तिला टेलिमॅटिक्स कंट्रोल युनिट किंवा टीसीयू म्हणतात. ही पेटी मोठ्या बॅटरीवर चालत नाही. गाडी उभी असताना मोठी बॅटरी बाकीच्या यंत्रणेपासून तोडून ठेवलेली असते आणि टीसीयू साध्या बारा व्होल्टच्या छोट्या बॅटरीवर अर्धवट झोपलेला असतो. सर्व्हर त्याला उठवणारा निरोप पाठवतो. अनेक गाड्यांत हा निरोप म्हणजे साधा एसएमएस असतो. मोडेम जागा होतो, इंटरनेटची जोडणी उघडतो, बाहेरची आणि आतली वाहिनी जोडणाऱ्या ‘गेटवे’मार्फत आतल्या नियंत्रकांना उठवतो, मग मोठ्या बॅटरीचे संपर्क जुळतात. त्या वेळी गाडीजवळ उभे असल्यास तळाकडून ‘खट्’ असा आवाज ऐकू येतो आणि पाठोपाठ पंख्याची घरघर सुरू होते. उत्तर त्याच वाटेने उलटे परतते. ॲपमधले चक्र कित्येक सेकंद फिरत राहते ते या साखळीमुळे, आणि दर काही मिनिटांनी गाडीची विचारपूस करणाऱ्या एखाद्या ॲपमुळे बारा व्होल्टची बॅटरी उतरते तीही याच कारणाने, कारण प्रत्येक प्रश्नागणिक सगळे घर जागे करावे लागते.

या साखळीतला सर्वांत लहान घटक म्हणजे सिम, आणि पुढच्या बहुतेक कटकटींचे मूळ तिथेच सापडते. गाडीतले सिम साधारणपणे पाच बाय सहा मिलिमीटरची एक चिप असते आणि ती सर्किट बोर्डावर डाख देऊन कायमची बसवलेली असते. या निर्णयामागे तांत्रिक तथ्य होते. गाडी खड्ड्यांतून जाते, उन्हात तापते, बर्फात गोठते. खाचेत सरकवलेल्या प्लास्टिकच्या कार्डाचे संपर्क अशा वापरात वर्षानुवर्षे विश्वासार्ह राहत नाहीत, आणि बाहेर काढता येणारे सिम चोरून त्यावरचा डेटा वापरणेही शक्य होते. तरीही डाख देऊन सिम पक्के करताना आणखी एक गोष्ट पक्की झाली, तिची चर्चा त्या वेळी क्वचितच झाली. सिमचा करार निर्माता आणि दूरसंचार कंपनी यांच्यात असतो. गाडी ज्याने विकत घेतली तो त्या करारात कुठेच नसतो, त्यामुळे सेवा कोणाकडून घ्यायची, किती काळ घ्यायची आणि बंद झाल्यास दुसरीकडे जायचे का, यांपैकी काहीच त्याच्या हाती उरत नाही.

‘ई-सिम’ या शब्दाने हा घोळ आणखी वाढवला. फोनमध्ये ई-सिम म्हणजे काय, हे आता बहुतेकांना ठाऊक असते: क्यूआर कोड स्कॅन करायचा, नवीन कंपनीचे प्रोफाइल, म्हणजे तिच्या नेटवर्कवरची ओळख, उतरवून घ्यायचे आणि जुने पुसून टाकायचे. गाडीच्या माहितीपत्रकात तोच शब्द दिसला की ग्राहक तोच अर्थ गृहीत धरतो. मात्र दूरसंचार उद्योगाने या एकाच नावाखाली वेगवेगळे नियम लिहिले. यंत्रांसाठीचा पहिला आराखडा २०१३ मध्ये आला. त्यात प्रोफाइल बदलण्याचा आदेश दूरच्या सर्व्हरकडून येतो आणि त्या सर्व्हरची किल्ली निर्मात्याने नेमलेल्या सेवादाराकडे असते. गाडीत बसलेल्या माणसाला बदल सुरू करण्याचे बटणच नसते. ग्राहकांच्या फोन-घड्याळांसाठीचा आराखडा २०१६ चा, आणि त्यात आदेश वापरणारा देतो. नाव एकच असले तरी हक्क अगदी उलट्या टोकाला आहेत. एखाद्या कंपनीची गाडी देशोदेशी विकली जाते, तेव्हा प्रत्येक देशासाठी वेगळे सिम बसवण्याऐवजी नंतर दुरून स्थानिक प्रोफाइल भरता यावे, हा यंत्रांच्या ई-सिमचा खरा हेतू होता, आणि कारखान्याच्या दृष्टीने तो पूर्ण वाजवी आहे. पण विक्रीच्या वेळी हा फरक ग्राहकाला समजावून सांगण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही, आणि ‘ई-सिम आहे म्हणजे काळजी नाही’ हा समज पसरू दिला गेला. २०२३ मध्ये यंत्रांसाठी नवा आराखडा आला, त्यात सेवादार बदलणे सोपे केले आहे; तरी निर्णय घेणारा हात गाड्यांचा ताफा सांभाळणाऱ्याचा म्हणजे पुन्हा निर्मात्याचाच आहे.

शिवाय एक गोष्ट कोणतेही ई-सिम बदलू शकत नाही, ती म्हणजे मोडेमची पिढी. प्रोफाइल कितीही वेळा बदला, टूजीचा मोडेम फोरजीच्या मनोऱ्याशी बोलत नाही.

याची पहिली झळ अमेरिकेत ॲनालॉग नेटवर्क बंद होताना बसली. १८ फेब्रुवारी २००८ नंतर ते चालू ठेवण्याचे बंधन दूरसंचार कंपन्यांवर राहिले नाही आणि फक्त ॲनालॉग यंत्र असलेल्या गाड्यांची मदतसेवा संपली. तो धडा ताजा असतानाच, दोन-तीन वर्षांनी, वर उल्लेखलेल्या जपानी हॅचबॅकमध्ये टूजी मोडेम बसवला गेला. अमेरिकेतील एका मोठ्या दूरसंचार कंपनीचे टूजी नेटवर्क १ जानेवारी २०१७ ला बंद झाले. तिथल्या मालकांना पैसे भरून थ्रीजीचा टीसीयू बसवून घेण्याचा पर्याय मिळाला, आणि ज्यांनी तो घेतला त्यांचे थ्रीजी २२ फेब्रुवारी २०२२ ला बंद झाले. म्हणजे स्वतःच्या खिशातून घेतलेली दुरुस्ती जेमतेम पाच वर्षे टिकली. ब्रिटनमध्ये याच गाडीच्या २०१६ पूर्वीच्या आवृत्त्यांसाठी कंपनीने १ एप्रिल २०२४ पासून ॲप थांबवले आणि कारण टूजी नेटवर्कच्या भवितव्याचे दिले, जरी त्या दिवशी तिथले टूजी मनोरे सुरूच होते. त्या गाड्या चालत होत्या, चार्ज होत होत्या. चार्जिंगची आणि एसीची वेळ गाडीत बसून, पडद्यावर बोटाने लावता येत होती. घरातून लावता येत नव्हती, एवढाच फरक, पण जाहिरातीत मिरवलेली सोय नेमकी तीच होती.

युरोपात टूजी इतके टिकले, याचे एक कारण पुन्हा मोटारच आहे. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात मंजुरी घेणाऱ्या नव्या प्रकारच्या मोटारींना अपघातानंतर आपोआप ११२ लावणारी यंत्रणा सक्तीची झाली. ती टूजी-थ्रीजीच्या जुन्या आवाजी वाहिनीतून केवळ १४० बाइटचा एक संच पाठवते: जागा, वेळ, गाडीची ओळख, जाण्याची दिशा, आणि गाडी पेट्रोलची आहे की विजेची तेही. बचावपथकासाठी हा शेवटचा तपशील फार मोलाचा आहे, कारण उच्च दाबाच्या तारा असलेली गाडी कापण्याची पद्धत वेगळी असते. मात्र त्यामुळे लाखो नव्या गाड्या जुन्या नेटवर्कवर अवलंबून राहिल्या. फोरजी-फाइव्हजीवर चालणारी सुधारित यंत्रणा नव्या प्रकारच्या गाड्यांसाठी १ जानेवारी २०२६ पासून बंधनकारक आहे. आधी विकल्या गेलेल्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक देशाच्या नेटवर्क-वेळापत्रकावर सोडला गेला.

चीनने तर इलेक्ट्रिक गाडीचे इंटरनेट थेट सरकारी देखरेखीशी जोडले. १ जानेवारी २०१७ पासून तिथे तयार होणाऱ्या ‘नव्या ऊर्जेच्या’ म्हणजे मुख्यतः विजेवरच्या वाहनांना बॅटरीची आणि गाडीची माहिती ठरावीक अंतराने पाठवणारे यंत्र सक्तीचे झाले. दोन नोंदींतील अंतर ३० सेकंदांपेक्षा जास्त असू नये, आणि सर्वांत गंभीर पातळीचा इशारा निघाल्यास त्या क्षणाच्या मागच्या-पुढच्या ३० सेकंदांची नोंद दर सेकंदाला द्यावी, असे त्या वेळच्या मानकात होते. बॅटरीच्या आगी लवकर ओळखण्यासाठी याचा उपयोग उघड आहे, आणि गाडी कुठे आहे हेही त्याच नोंदीत असते.

सॉफ्टवेअर अपडेटचा इतिहास तुलनेने परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. जानेवारी २०१४ मध्ये चार्जिंगच्या अडॅप्टरमध्ये उष्णता वाढण्याच्या दोषावर २९,२२२ गाड्यांचे ‘रिकॉल’ (दोष दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावणे) नोंदले गेले आणि गाडीकडील उपाय इंटरनेटवरूनच पोहोचला. डिसेंबर २०२३ मध्ये चालक-साहाय्य प्रणालीसाठी अशाच रिकॉलमध्ये वीस लाखांहून अधिक गाड्या आल्या. मोठे अपडेट घरच्या वाय-फायवर घ्या, असा आग्रह अनेक कंपन्या धरतात, कारण मोबाइल डेटाचे बिल त्यांना भरावे लागते. हाच खर्च पुढे ग्राहकाकडे सरकू लागला: एका कंपनीने २०१८ च्या मध्यापासून नव्या खरेदीदारांसाठी मोफत आणि सशुल्क जोडणी वेगळी केली आणि जुलै २०२२ मध्ये मोफत जोडणीलाही आठ वर्षांची मर्यादा घातली.

सुरक्षेच्या बाबतीत फेब्रुवारी २०१६ चे प्रकरण आजही उद्‌बोधक आहे. त्याच जपानी हॅचबॅकचा सर्व्हर पासवर्ड न मागता केवळ गाडीचा ओळख क्रमांक पाहून आज्ञा पाळत असे. हा क्रमांक पुढच्या काचेतून सहज वाचता येतो आणि गाडीगाडीत फरक असतो तो शेवटच्या पाच आकड्यांचा. ऑस्ट्रेलियात बसलेल्या एका संशोधकाने इंग्लंडमधल्या गाडीचा पंखा मालकाच्या संमतीने सुरू करून दाखवला. प्रवासांच्या नोंदीही दिसत होत्या. गाडी चालवता येत नव्हती हे खरे, पण दुसऱ्याची बॅटरी उतरवता येत होती. जून २०२० मध्ये सायबर सुरक्षा आणि सॉफ्टवेअर अपडेट यांवर संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीत दोन नियम मंजूर झाले, आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून ते सर्व नव्या गाड्यांना लागू आहेत. तरीही त्याच वर्षीच्या डिसेंबरात एका युरोपीय वाहन समूहाच्या सुमारे आठ लाख इलेक्ट्रिक गाड्यांची माहिती क्लाउडमध्ये उघडी पडलेली आढळली. त्यातल्या सुमारे ४ लाख ६० हजार गाड्यांच्या ठिकाणांवरून मालकांची दिनचर्या कळू शकत होती. माहिती गोळा करण्याचे कारण बॅटरी आणि चार्जिंगचे सॉफ्टवेअर सुधारणे हेच होते. गाडी कुठे थांबली याचा इतका बारीक तपशील त्यासाठी का लागावा, हे पटेल असे सांगितले गेलेले नाही.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने चीन आणि रशियाशी संबंध असलेले जोडणीचे सॉफ्टवेअर २०२७ च्या मॉडेलपासून आणि त्यासाठीचे यंत्रभाग २०३० च्या मॉडेलपासून रोखणारा नियम केला. युरोपीय संघात १२ सप्टेंबर २०२५ पासून जोडलेल्या उपकरणाच्या वापरकर्त्याला त्याने निर्माण केलेल्या माहितीवर हक्क मिळाला. हा हक्क माहितीपुरता आहे. मोडेम किती वर्षे चालावा किंवा सर्व्हर किती काळ चालू ठेवावा, हे त्यातून ठरत नाही, आणि ते ठरवण्याची गरज आधीच्याच वर्षी समोर आली होती. जून २०२४ मध्ये एक अमेरिकी इलेक्ट्रिक वाहन कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या उरलेल्या तीन हजारांहून अधिक गाड्या एका भाडेव्यवसायाने घेतल्या, आणि ऑक्टोबरमध्ये त्याला न्यायालयात सांगावे लागले की या गाड्यांची माहिती कंपनीच्या सर्व्हरवरून दुसऱ्या सर्व्हरवर हलवता येत नाही, असे आता कळवण्यात आले आहे. नेटवर्क सुरू होते, मोडेम नवे होते. अडले होते ते गाडी ज्या पत्त्यावर निरोप पाठवते त्या पत्त्यापाशी, आणि तो पत्ता चालू राहावा म्हणून खरेदीदाराला वेगळे पैसे मोजून करार करावा लागला.